मदत हवी आहे : व्हेंटिलेटरची नळी काढल्यानंतर वडिलांना गिळता येत नाही
माझे वडील (वय ७१) न्यूमोनियामुळे ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. घशातली नळी काढून आज सहावा दिवस आहे. श्वास ठीक चालतो, पण चमचाभर पाणी दिले तरी ठसका लागतो आणि त्यानंतर आवाज घशात पाणी अडकल्यासारखा घरघरतो. तूर्तास नाकातल्या नळीवाटे पातळ पेज दिली जाते. नळी बरेच दिवस राहिल्याने स्वरयंत्राला सूज येते, घशाचे स्नायू दुबळे होतात आणि तिथली संवेदनाही मंदावते, त्यामुळे घास श्वासनलिकेत उतरू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. कधीकधी तो ठसका न लागताही उतरतो, हे ऐकून मी धास्तावलो आहे. बाबा मात्र चहासाठी हटून बसले आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणारे तज्ज्ञ) नाही. गिळण्याची तपासणी नाकातून दुर्बीण घालून खाटेजवळच करता येते, तर बेरियमच्या (एक्स-रेत दिसणारा पदार्थ गिळायला देऊन करतात त्या) तपासणीसाठी रुग्णाला एक्स-रे विभागात न्यावे लागते, हे समजले आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला, त्यांनी यापैकी कोणती तपासणी करून घेतली, नाकातली नळी किती दिवसांनी निघाली आणि पाणी घट्ट करण्यासाठी मिळणारी पावडर उपयोगी पडली का, हे कृपया कळवावे. गिळण्याचे व्यायाम थेरपिस्टने व्हिडिओ कॉलवर शिकवल्याचा कुणाला अनुभव असल्यास तोही अवश्य सांगावा.