कानात वायर, फोनला शेपूट : छंद की नखरा?

दोन_पिनवाला
हॉस्टेलचं तिसरं वर्ष. आमच्या मजल्यावर वायरवाले इअरफोन वापरणारा मी एकटाच. फोनला इअरफोनचं ३.५ मिमीचं भोक नाही, म्हणून टाइप-सीचा बोटभर डॅक (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारा तुकडा) खाली लोंबत असतो. पोरांनी त्याचं नाव ‘शेपूट’ ठेवलंय. इअरफोन १,८०० चे, शेपूट ९०० ची. वायर तुटली की दोन पिना उपसायच्या, नवी वायर लावायची, झालं. शेजारच्या खोलीतल्याने तेवढ्याच काळात ब्लूटूथच्या तीन जोड्या फेकल्या, कारण बॅटरी मेली की जोडीच मेली. तरी येडा मीच!

माझं म्हणणं सरळ आहे. आवाजासाठी पैसे टाकायचे तर वायरवरच. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या एसबीसी या पद्धतीतून साधारण ३२८ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) जातात, एलडीएसी या दुसरीतून फार तर ९९०. सीडीचा आवाज १,४११ चा. माझी गाणी सगळी फ्लॅक, म्हणजे काही न गमावता साठवलेल्या फाइल. पटत नसेल तर खोडून दाखवा.

गार_पाणी
आकडे बरोबर, हिशोब गंडलाय. १,४११ हा न दाबलेला आकडा. तुझं फ्लॅकसुद्धा तो बराच दाबतं, फक्त एकही बिट न गमावता. एसबीसी वगैरे मंडळी कानाला कळणार नाही तिथे काटछाट करतात. तू सालीसकट संत्री आणि सोललेली संत्री एकाच तराजूत तोलतोयस.

आणि मे महिन्यात डोक्याशी कूलर, त्यात पंपाची गुरगुर, अशात कोणते बारकावे ऐकतोस बाबा? एक कर. एकाच गाण्याची फ्लॅक आणि त्यातूनच काढलेली ३२० ची एमपीथ्री घे, आवाज सारखा ठेव, कोणती वाजतेय ते न बघता ओळख. १६ वेळा. १२ बरोबर आले तर मी गप्प बसतो. नुसत्या अंदाजाने १२ यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे.

तर्री_जास्त
अबे ते केबीपीएस राहू दे. तुले आवाज देऊन देऊन आमचा घसा बसते, त्याचं काय? परवा पोह्याच्या ठेल्यावर विचारलं, ‘आज तू खाऊ घालून राहिला का?’ तू डोळे मिटून मान डोलावून राहिला. आम्हाले वाटलं हो म्हणते. चार प्लेट सांगितल्या ना बे!

दोन_पिनवाला
१६० रुपये गेले माझे त्या मानेपायी.

@गार_पाणी, कूलरचंच घे. सिलिकॉनची टोपी कानात नीट बसली की बाहेरचं बरंच अडतं, गाणं कमी आवाजात भागतं. नागपूर मेट्रोत सुभाष नगर ते सीताबर्डी जातानाही तेच.

गार_पाणी
टोपी वरच्या पट्टीचा गोंगाट जास्त अडवते. कूलरची घरघर खालची आणि एकसुरी. तिथे नॉइज कॅन्सलिंगवाले (बाहेरचा गोंगाट आपणहून पुसणारे) ब्लूटूथ तुझ्या टोपीला भारी पडतात.

बायाची_घुमक
मी तबला शिकते, रियाज रेकॉर्ड करून ऐकते. मैत्रिणीच्या ब्लूटूथवर माझा बायाँ (डाव्या हाताचा, खर्जाचा तबला) कढीत पडल्यासारखा येतो, सगळं नुसतं धम्म. मींड (सूर घसरवत नेणं) कुठे घेतली तेच कळत नाही. पण हा दोष वायर नसल्याचा नाही, बेस फुगवून ठेवलाय त्याचा. वायरवाल्यातही असले फुगीर ढिगाने मिळतात. तेव्हा दादा, वायरीचा झेंडा नाचवू नकोस, ट्यूनिंगचं बोल.

आणि कमी आवाजाचं तेवढं खरंच पाळ. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढीच मुभा देते. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८६ वर उरतात १० तास. आमच्या वर्गात तेवढे दोन दिवसांत संपवणारे आहेत.

जुना_वॉकमन
तुमच्या तर्रीवाल्याची तक्रार जुनीच आहे. १९७९ चा सोनीचा पहिला वॉकमन टीपीएस-एल२ बघा. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि आतल्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्याने कान बंद करून बसणं असभ्य दिसेल, ही सोनीच्या अकिओ मोरिता यांची काळजी. पुढे लोकांना दुसरं भोक नकोच होतं, तेही गेलं. आमच्या वेळी धरमपेठेत एका वॉकमनला दोघं चिकटून चालायचो. कौतुक बिलकुल नाही, वायर छोटी होती.

दोन_पिनवाला
निकाल सांगतो. १६ पैकी ९. आठव्या फेरीनंतर तर मी चक्क झांजेची शेपटी (शेवटी विरत जाणारा नाद) धरून बसलो होतो, तीही हातातून निसटली. @गार_पाणी, फ्लॅकचं मागे घेतलं. पण माझे इअरफोन आणि शेजाऱ्याची जोडी यांतला फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो, ते मागे घेणार नाही.

गार_पाणी
कानात काय घातलंय ते हाताला कळतं, त्यामुळे ती काही न बघता घेतलेली परीक्षा नव्हे. पण बायाँवालीचा मुद्दा मला मान्य आहे.

दोन_पिनवाला
आणि वॉकमनकाका, तुमचं वाचून बर्डीवरून दोन भोकांचं स्प्लिटर आणलं. एकाला मी, एकाला तर्री. त्याचे इअरफोन जास्त सेन्सिटिव्ह, त्याच्याकडे कानठळ्या आणि माझ्याकडे कुजबुज. एकाच शेपटीवर दोघांनी ऐकायचं तर दोघांचे सारखेच हवेत. तर्री भाऊ, १,८०० आहेत का?

तर्री_जास्त
मान डोलावली ना मी आता. पाहिलं नाही का बे तू?