मदत हवी आहे: सशाच्या रक्तद्रवातील अपोलिपोप्रोटीन बी कसे मोजावे?

नमस्कार. कोलेस्टेरॉलयुक्त आहारावरील न्यूझीलंड पांढऱ्या सशांच्या रक्तद्रवातील अपोलिपोप्रोटीन बी, म्हणजे एलडीएल या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचे मुख्य प्रथिन, मला एलायझाने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याच्या चाचणीने) मोजायचे आहे. आमचा संच मानवी प्रथिनासाठी बनवलेला आहे. नमुना १:५०० ऐवजी १:१००० विरल केला, की हिशेबाने येणारे मूल्य स्थिर न राहता जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे प्रतिपिंड सशाच्या प्रथिनाला नीट चिकटत नसावे किंवा दुधासारखा पांढुरका रक्तद्रवच आड येत असावा, अशी मला शंका आहे. त्यात संचातील दुसरे प्रतिपिंड सशाच्या इम्युनोग्लोब्युलिनविरुद्धचे, म्हणजे सशाच्या प्रतिपिंडांविरुद्धचे, असल्याने ते नमुन्यातील प्रतिपिंडांनाही चिकटू शकते, ही मला सर्वांत मोठी अडचण वाटते. शेळीत तयार केलेले, सशाच्या प्रथिनावर तपासलेले प्रतिपिंड कोणी वापरले आहे का? प्रमाणद्रावणासाठी (तुलनेसाठीच्या ज्ञात प्रमाणाच्या द्रावणासाठी) सशाचेच एलडीएल अतिवेगी अपकेंद्रणाने वेगळे करावे का? कृपया अनुभव सांगावा.