समोरच्यामुळे जिंकलेला सामना : तुमचेही अनुभव सांगा

परळची_पाटी
२७ फेब्रुवारीला कॉलेजात मराठी भाषा गौरव दिन, आणि वाङ्मय मंडळाने मला बोलायला उभं केलंय. विषय : 'साहित्य, खिलाडूवृत्ती आणि आजचा युवक'. तिन्ही एकदम! एम. ए. मराठी करतेय आणि शाळेत खो-खो खेळायचे, एवढ्या भांडवलावर माझं नाव गेलं. 'आजचा युवक' म्हणून ज्याच्यावर व्याख्यानं होतात तो इसम मला परळ ते कलिना प्रवासात अजून भेटलेला नाही, त्यामुळे तो भाग शेवटी बघू.

कागद घेऊन बसले आणि एक मुलगीच डोळ्यांपुढे आली. आंतरशालेय खो-खो, उपांत्य सामना, शेवटचा डाव, आक्रमण आमचं. त्यांच्या तुकडीतली ही एकटी उरलेली. एक गडी टिपला की सामना आमचा. ती खांबाला वळसा घालून निघाली, मी सूर मारला, बोटांची टोकं तिच्या पोटरीला लागली न लागली. मी तोंडावर, नाकात माती. शिट्टी नाही, पंच दुसऱ्या बाजूला. आणि ही धावता धावता थांबली. हात वर केला, "लागला" म्हणाली आणि चालत बाहेर गेली. अनवाणी होती. अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं. तिच्या बाई तिला जे बोलल्या ते अख्ख्या मैदानाने ऐकलं.

शाळेच्या फळ्यावर आमची नावं लागली. ती मुलगी कुठल्याच फळ्यावर नाही.

आता गंमत बघा. मराठीच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षं हरलेल्यांचंच वाचतो. जमीन गेलेला, गिरणी सुटलेला, लग्न मोडलेली. निव्वळ जिंकलेल्या माणसावरची बरी कथा शोधून सापडत नाही. मैदानाचा फळा मात्र नेमका उलटा. भाषणात हेच मांडायचं मनात आहे. तुमच्या आठवणीत असा कुणी समोरचा गडी आहे का? लिहा. पुस्तकाशी जोडता आलं तर छान, नाही आलं तरी लिहा.

दमछाक
पहिला!! नंतर सविस्तर लिहितो, ठाण्याला उतरायचंय.

लाल_मातीवाला
आमच्याकडे (लोअर परळ, आता तिथे काचेचे टॉवर) कबड्डीत हे रोजचं होतं. चढाईवाल्याचा हात लागला, झटापटीत पाय रेषेबाहेर गेला, की गडी स्वतःच हात वर करून बाहेर. पंचाने बोट दाखवायची वाट बघितली तर गल्लीत वर्षभर 'रडीचा डाव खडी' ऐकायला लागायचं. थोर वगैरे काही नव्हतं त्यात. ज्याच्याशी खेळायचं तो सकाळी संडासच्या रांगेत पुढे उभा असायचा, खोटं बोलून जाणार कुठे?

पण ज्या स्पर्धेला रेल्वेचे नाहीतर बँकेचे निवड करणारे येऊन बसायचे, तिथे एकही हात वर जात नसे. डोळ्यांनी बघितलंय. दोन चढाया नजरेत भरल्या तर नोकरी, नोकरी लागली तर धाकट्या बहिणीचं लग्न. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, घराघरातले पगार थांबले, त्यानंतर आमच्या पोरांसाठी कबड्डी हा खेळ राहिलाच नाही, नोकरीचा अर्ज झाला. त्या पोरांना खिलाडूवृत्तीवर भाषण द्यायला माझी जीभ रेटत नाही. ताई, हेही घाला तुमच्यात.

कुकर_चार_शिट्ट्या
अंगावर काटा आला गं. पट्टीवर नक्की देवाचं नाव असणार. माझी लेक पेपरला जाताना तळहातावर 'ॐ' काढते, सुपरवायझरने कॉपी समजून हात धुवायला लावले होते एकदा.

आणि त्या बाईंचा राग आला मला. पोरगी रडली का?

परळची_पाटी
नाही रडली. पाणी प्यायला गेली. आमच्या कप्तानाने जाऊन हात मिळवला, मी नाकातली माती काढत होते.

@लाल_मातीवाला काका, हे लिहून घेतलं. माझं भाषण वाकडं केलंत तुम्ही, पण बरं झालं.

मिड_ऑफ
या विषयावर विश्वनाथ आला नाही तर धागा बाद. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. मी वडिलांबरोबर स्टँडात, डब्यात थालीपीठ. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. कपिलच्या चेंडूवर बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद, पंचांचं बोट वर. टेलर जागेवरच उभा, बॅट लागलीच नाही म्हणून. कप्तान गुंडप्पा विश्वनाथने पंचांना सांगून अपील मागे घेतलं आणि टेलरला खेळायला ठेवलं. पुढे टेलरने ४३ केल्या, बोथमबरोबर १७१ ची भागी. बोथमचं शतक, वर सामन्यात १३ बळी. आपण १० गड्यांनी हरलो.

घरी येताना चर्चगेटपर्यंत बाबा गप्प, मग एकदम म्हणाले, "दिलदारी दाखवायची तर स्वतःच्या घरच्या भांड्यांवर दाखवावी, देशाच्या नाही." पुढे म्हातारपणी मात्र जो भेटेल त्याला हीच कसोटी सांगायचे, आणि सांगताना छाती फुगलेली! गावसकरच्या शतकांचं नाव नाही.

घोषित_करा
पाटी, फळ्याचा मुद्दा एकदम पटला. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शिल्ड (शाळांची क्रिकेट स्पर्धा), आझाद मैदान. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागी ६६४, त्यांची शाळा शारदाश्रम २ बाद ७४८. हे मुंबईतलं शेंबडं पोरही सांगेल. समोर सेंट झेवियर्स होतं. त्या अकरा जणांतलं एक नाव सांगा बघू? साईराज बहुतुले त्यात गोलंदाजी करत होता, पुढे भारताकडून खेळला. बाकीचे दहा? दिवसभर सीमारेषेवरून चेंडू आणून देणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. संध्याकाळी ट्रेनमध्ये काय बोलली असतील एकमेकांशी? कथा तिथे आहे. धावा करणाऱ्यांवर पुस्तकं झाली.

मिड_ऑफ
आणि डाव सोडा, घोषित करा म्हणून बाहेरून खुणा होत होत्या, ही दोघं तिकडे बघतच नव्हती, ही गोष्ट राहिली. त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर चिडले होते म्हणतात.

घोषित_करा
हो ना, म्हणून तर माझं हे नाव 😄 २०१६ च्या जानेवारीत कल्याणला एका पोराने नाबाद १००९ केल्या. ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचे ३१ आणि ५२ त गारद. विक्रम त्या मुलाचा, त्याबद्दल शंभर टक्के टाळ्या. पण ५०० झाल्यावर मोठ्या माणसांपैकी कुणाला तरी वाटायला हवं होतं की बास, पोरं आहेत समोर.

टप्पा_आऊट
असहमत. मध्येच डाव सोडून दया दाखवणं हा जास्त अपमान. मी मार खाल्लाय असा मैदानावर, मला कुणी कीव केलेली चालली नसती. समोरचा पूर्ण ताकदीने खेळतो तो मान असतो आपला.

घोषित_करा
मान १४६५ पर्यंत लागतो का रे?

टप्पा_आऊट
ज्याला आऊट करता येत नाही त्याने मोजू नये 😁

पान_दुमडू_नका
क्रिकेटवाले सुटले की थांबत नाहीत. मी पुस्तकावर येते.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी सभासद (संस्था १८९८ ची, मी नाही). एकदा रहस्यकथा आणली. चाळिसाव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं : 'खुनी माळी आहे.' काय तळपायाची आग! पुस्तक मिटणार, तेवढ्यात खाली दुसऱ्या अक्षरात : 'खोटं आहे, वाचत राहा.' वाचलं. माळीच होता 😂 पण त्या दुसऱ्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. कळूनही समोरच्याचा डाव मोडू दिला नाही त्याने. याहून मोठी खिलाडूवृत्ती मला माहीत नाही.

कुकर_चार_शिट्ट्या
माळी 😂😂 चहा सांडला. डिपॉझिट किती असतं हो आता तिथे? लेकीला लावायचंय, सुट्टीत नुसती मोबाईल घेऊन लोळते.

पान_दुमडू_नका
जाऊनच विचारा, दादर पूर्वेला आहे. तिलाच घेऊन जा, कपाटं बघू दे.

अठरा_पूर्ण
नमस्कार, मी 'आजचा युवक'. हजर. विरार लोकलमध्ये लोंबकळत टाइप करतोय, शुद्धलेखन माफ.

आमच्या क्लबात नवीन पालक येतात ते पहिल्याच दिवशी विचारतात, राज्यस्तर कधी? दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, सगळ्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर स्तर लिहिलेला लागतो. 'हात लागला होता, मी बाहेर गेलो' असं कुठल्याच प्रमाणपत्रावर छापत नाहीत. मोठी माणसं म्हणतात तरुण पिढीला फक्त निकाल दिसतो. अहो, आम्हाला दुसरं विचारलंय कुणी? घरी गेल्यावर पहिला प्रश्न 'जिंकलास का?'. कसा खेळलास हे फक्त आमची आजी विचारते, आणि तिला खेळ कुठला तेही माहीत नसतं.

वाचतो आम्ही. मोबाईलवर वाचतो म्हणून दिसत नाही. पाटीताई, तो इसम भेटला असं लिहा.

परळची_पाटी
भेटला! आणि शेवटी ठेवणार होते तो भाग आता पहिला घेतेय.

डिलाईल_रोड
अठरा, जीव सांभाळ, आधी आत शिर.

साहित्य आणि खेळ वेगवेगळ्या इमारतीत असतात हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. आमच्या कामगार कल्याण केंद्रात बाहेर कबड्डीचं मैदान, आत कॅरम, वर वाचनालय. नाट्यस्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कॅरमवाल्यांना दम भरायचा, गप्प बसा. चढाई करून घामाघूम झालेलं पोर पंखा फक्त वाचनालयात आहे म्हणून वर जायचं आणि पंख्याखाली बसायचं तर हातात पुस्तक धरावंच लागायचं, ग्रंथपालांचा नियम. असे कित्येक वाचक तयार झाले. पंख्यामुळे.

आणि फळ्याचं म्हणाल तर, नारायण सुर्वे याच गिरणगावात वाढले. गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं पोर, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक, १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. शिपाई असताना त्यांचं नाव कुठल्या फळ्यावर असणार होतं?

दमछाक
आलो. जेवण झालं. माझा किस्सा कॅरमचा. चाळीच्या गणपतीतली स्पर्धा, फायनल, मी विरुद्ध दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांची शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल. त्यांनी मारली, पडली, टाळ्या. काका म्हणाले, "थांबा, स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकला नव्हता." कुणाला दिसलंही नव्हतं. मग मी जिंकलो. बक्षीस स्टीलचा डबा. काकूंनी काकांशी दोन दिवस अबोला धरला कारण त्या डब्यावर त्यांची नजर होती. शेवटी आईने चकल्या भरून तोच डबा त्यांच्याकडे दिला. परत आलाच नाही 😄

कुकर_चार_शिट्ट्या
डबा कधीच परत येत नाही हो.

विंगेतला
एकांकिकावाल्यांचं कुणी लिहिलं नाही. आमच्या ट्रकमधून उतरवताना मोठी लेव्हल (रंगमंचावरचा लाकडी चौथरा) मोडली, घंटा व्हायला थोडाच वेळ. ज्यांच्याशी वर्षभर खुन्नस, नाक्यावर एकमेकांच्या संहितेला शिव्या, त्या कॉलेजची पोरं स्वतःची लेव्हल उचलून घेऊन आली. वर आमच्या पोरांबरोबर खिळेही ठोकले. मग प्रेक्षागृहात बसून आमच्या प्रयोगाला एकही टाळी नाही वाजवली, बेरकी साले. त्यांचाच नंबर आला. आमच्या लेखकाला अजून वाटतं परीक्षक झोपले होते.

थर_सातवा
गोविंदात या. वरच्या थराच्या पोराचे फोटो येतात. सगळ्यात खाली जो उभा असतो त्याच्या खांद्यावर आठ दिवस काळेनिळे वळ असतात, त्याने हंडी फुटलेली कधी बघितलेलीच नसते, मान खाली. २०२२ ला सरकारने साहसी खेळ म्हणून मान्यता जाहीर केली. आता प्रमाणपत्र आलं की खालच्याला पण द्या म्हणजे झालं.

लाल_मातीवाला
सातव्या, एक नंबर बोललास. कुठलं पथक?

थर_सातवा
काळाचौकी साइड. व्यक्तिगत निरोप करतो.

टप्पा_आऊट
जरा अवांतर. कांगा लीगचं (मुंबईची पावसाळी क्रिकेट स्पर्धा) कुणी बोलणार आहे का? १९४८ पासून भर पावसात, उघड्या खेळपट्टीवर. चिखलात तिसऱ्या चेंडूला दांडी गुल झाली तरी माणूस हसत परत येतो, कारण चूक कुणाची हेच कळत नाही. मुंबईकर हरायला तिथे शिकतो असं माझं मत.

मिड_ऑफ
मत बरोबर, पण हसत परत येतो हे साफ खोटं. मी पंचगिरी केली आहे. बॅटसकट सासू-सासऱ्यांचा उद्धार ऐकलाय.

पान_दुमडू_नका
परत क्रिकेट!

पाटी, भाषण किती वाजता आहे? बाहेरच्यांना सोडतात का?

परळची_पाटी
अकरा वाजता, पण आधी ग्रंथदिंडी आणि प्राचार्यांचं प्रास्ताविक, म्हणजे बारा धरा. गेटवर वाङ्मय मंडळाकडे आलोय म्हणून सांगा, ओळखपत्र जवळ ठेवा. मला दहाच मिनिटं दिली आहेत, त्यात विश्वनाथ, माळी, डबा आणि वाचनालयाचा पंखा बसवायचाय. १००९ गाळतेय, त्यावर हॉलमध्ये मारामारी होईल.

घोषित_करा
गाळू नका! मी येतोय खास त्यासाठी.

लाल_मातीवाला
मी पण येतो. जुने दोन गडी बरोबर आणतो. ते भाषणात मध्येच उठून बोलतील, तुमच्या प्राचार्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.