मदत हवी आहे: ताप उतरतो आणि परत चढतो, गोचीड ताप असेल का?

राम राम मंडळी. मी सिन्नर तालुक्यातला, चार होल्स्टिन संकरित गाई आहेत. दुसऱ्या वेताची, पंधरा लिटरवरची गाय पाच दिवस तापानं फणफणलीय. पहिल्या दिवशी १०६ होता. तापाचं इंजेक्शन झालं, संध्याकाळी वैरणीला तोंड लावलं, म्हटलं सुटलो. सकाळी कान परत गरम! दूध तीन लिटरवर आलंय, रवंथ बंद. खांद्यापुढं दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी लागतात. खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरीफटक.

गोचीड आहेत, खोटं कशाला बोलू. कानात, कासेजवळ, शेपटीखाली. पण लघवी स्वच्छ आहे, आणि आमच्या वस्तीवर सगळे म्हणतात, लघवी लाल नाही म्हणजे गोचीड ताप नाही. खरंय का? शेजारच्या दावणीची सात महिन्यांची गाभण आहे, मला तिचीच धास्ती जास्त.

निफाडकर: दादा, बबेसिया आणि थायलेरिया हे गोचिडांतून येणारे रक्तातले दोन वेगळे जंतू. लाल लघवी ही बबेसियाची खूण. तुमची लक्षणं थायलेरियाची वाटतात, त्यात गाठी सुजतात, लघवी बहुधा साधीच राहते. दोन्हीला आपण गोचीड तापच म्हणतो, घोळ तिथंच होतो. औषधं मात्र वेगळी. बबेसियाला डायमिनाझीन, थायलेरियाला बुपारव्हाक्वोन. कोणता ते तपासायला गाय कुठं न्यायची गरज नाही. डॉक्टरांना कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायला सांगा, पण औषध टोचायच्या आधी. बुपारव्हाक्वोनचा डोस वजनावर असतो, किलोला अडीच मिलिग्रॅम. पाच टक्क्यांची बाटली असेल तर ४०० किलोच्या गाईला २० मिली. महाग म्हणून आम्ही एकदा अर्ध्यावर भागवलं होतं, ती गाय गेली. डॉक्टर येत नसतील तर जनावरांच्या दवाखान्याचा मदत नंबर १९६२ लावा.

धागाकर्ता: काचपट्टीत थायलेरियाच निघाला. काल इंजेक्शन झालं, आज ताप १०२, घास खातेय. गाभणीचंही रक्त दिलंय. पण गोचीड मारायचं औषध महिन्यापूर्वीच फवारलं होतं, मग आले कुठून?

निफाडकर: गाईवरच फवारलं असेल. हे गोचीड रक्त पिऊन खाली पडतात आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली अंडी घालतात, एकेक मादी हजारोंनी. भिंत दगडमातीची आहे का?

धागाकर्ता: हो, आजोबांच्या वेळची.

निफाडकर: मग आधी फटी लिंपून घ्या. फवारणी गाई बाहेर बांधून गोठ्यातही करा, आणि डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांनी परत. वासरं दोन महिन्यांच्या वरची असतील तर थायलेरियाची लस मिळते का तेही विचारा.