विंच: 8000 की 9500 पाउंड?

घोडबंदरहून मुरबाडच्या चिखलात जायचं, गाडी भरून सव्वादोन टन, तर 8000 पाउंड ओढीचा विंच (रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र) पुरेल का, असा प्रश्न आलाय. गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढ हवी, या हिशोबाने 3375 किलो, म्हणजे साधारण 7450 पाउंड. कागदावर 8000 पुरतात. पण विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या (दोरी गुंडाळायच्या रिळावरच्या) पहिल्या थराचा असतो. दोरी गुंडाळलेली असेल तर चौथ्या थरावर ओढ तिसऱ्या हिश्शाने तरी घटते. त्यात चाकं रुतली की चिखल गाडी धरून ठेवतो. 9500च घ्या, आणि सोबत स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोरी वळवून परत आणायची कप्पी. त्याने ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

दोरी सिंथेटिक घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत पोलादी वायर गंजते. मात्र वायरने चरे पडलेला जुना रोलर ठेवू नका, दोरी कापेल. गुळगुळीत ॲल्युमिनियम फेअरलीड (दोरी ड्रमकडे सरळ नेणारी खाच) लावा. चिखलातून आल्यावर दोरी साध्या पाण्याने धुवा, आत अडकलेली वाळू तंतू झिजवते. ड्रमवर किमान दहा वेढे राहू द्या.

पूर्ण भारावर विंचची मोटर 400 अँपिअरच्या आसपास खेचते, अल्टरनेटर तेवढं देत नाही. इंजिन चालू ठेवा, मिनिटभर ओढलं की मोटर थंड होऊ द्या. दोरी सोडताना विंचचा क्लच मोकळा करून हाताने ओढा. आणि झाडाला थेट दोरी नको, रुंद पट्टाच वापरा.