लॉबीतली रांगोळी आणि बी विंगला दिसणारी उलटी बाई

सावंत काका बी-७०३: नोटीस बोर्डावर जे चित्र लावलंय ते कोणी ठरवलं? घटस्थापना परवावर आली आणि लॉबीत पत्त्यातली बाई काढणार? ना हातात त्रिशूळ, ना शेजारी वाघ. गेल्या वर्षीच्या मोराचं काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेलच. कमिटीने खुलासा करावा.

भोईर सेक्रेटरी: काका, विषय महिला मंडळाने ठरवला. 'मातृरूप'. मीटिंगची नोटीस आठ दिवस आधी लागली होती.

सावंत काका बी-७०३: मीटिंगा मॅचच्या वेळीच कशा लागतात, तेही सांगा.

शिंदे ताई बी-१०४: रांगोळी कुणाचीही काढा. फक्त ज्यावर रांगोळी काढणार तो प्लाय लॉबीच्या मधोमध नको. आजींची व्हीलचेअर जात नाही.

मीनल ए-११०४: सावंत काका, ती टॅरो या भविष्य बघायच्या पत्त्यांमधली एम्प्रेस आहे, म्हणजे सम्राज्ञी. ७८ पत्त्यांपैकी २२ मेजर अर्कानाचे, म्हणजे मुख्य चित्रपत्ते, त्यातला हा ३ क्रमांकाचा. त्रिशूळ नाही कारण ती कोणाला मारायला निघालेली नाही. भर शेतात उशांना टेकून बसली आहे. पुढ्यात पिकलेला गहू, मागे झाडी, झाडीतून खाली येणारं पाणी, अंगात डाळिंबांच्या नक्षीचा पांढरा झगा. मातृरूपच आहे, फक्त ओळखीच्या वेषात नाही.

रुपेश बी-३०५: लॉबीत आरामात बसलेली आणि वॉचमनने न उठवलेली पहिलीच व्यक्ती 😄

प्रधान सर ए-६०२: थोडी भर घालतो. सावंत म्हणतात ते अगदीच चूक नाही. हे मुळात खेळायचेच पत्ते. १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळले जायचे. भविष्य बघायला ते फ्रान्समध्ये १८व्या शतकात वापरात आले. मिलानच्या सरदार घराण्यासाठी साधारण १४५० च्या सुमारास रंगवलेला संच आहे, त्यात हिच्या ढालीवर काळा गरुड आहे. पवित्र रोमन साम्राज्याचं चिन्ह. म्हणजे तेव्हा ती सम्राटाची बायको, शेतीशी संबंध नाही. बोर्डावर दिसतं ते गव्हा-डाळिंबाचं रूप लंडनला १९०९ मध्ये निघालेल्या संचातलं. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. गरुड गेला, ढालीला हृदयाचा आकार आला आणि त्यावर शुक्राचं चिन्ह.

सावंत काका बी-७०३: म्हणजे पत्तेच. मी सकाळपासून दुसरं काय म्हणतोय?

शिंदे ताई बी-१०४: प्लाय मधोमध नको. व्हीलचेअर. कोणीतरी उत्तर द्या.

नाईक वहिनी ए-२०१: चर्चा चालू द्या, पण मला आज संध्याकाळपर्यंत चित्र पक्कं हवं. नंतर 'हे असं नव्हतं' चालणार नाही. गेल्या वर्षी मोराची मान तीन वेळा बदलायला लावली.

मीनल ए-११०४: वहिनी, बोर्डावरची प्रिंट घेऊ नका. रुपेशने एआयकडून काढून घेतली आहे आणि त्यात चार चुका आहेत.
मुकुटावर ९ तारे आहेत, १२ हवेत. सहा टोकांचे. बारा राशी किंवा वर्षाचे बारा महिने, असं वाचलं जातं. नऊचा काहीच अर्थ निघत नाही.
राजदंड तिच्या उजव्या हातात हवा, म्हणजे आपल्याला डावीकडे दिसेल. टोकाला गोळा हवा. प्रिंटमध्ये मायक्रोफोन वाटतोय.
झग्यावर गुलाब आलेत. डाळिंब हवं. ग्रीक कथेत पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेली मुलगी पर्सेफनी, आणि धान्याची देवी डिमिटर तिची आई. गहू आणि डाळिंब एकाच चित्रात आले ते या मायलेकींमुळे. गुलाब काढले की मुलगी चित्रातून गेली.
सगळ्यात मोठी चूक ढालीवर. शुक्राचं चिन्ह म्हणजे वर वर्तुळ, खाली क्रॉस. प्रिंटमध्ये क्रॉस वर आहे. तसं काढलं तर ते पृथ्वीचं चिन्ह होतं.

रुपेश बी-३०५: पृथ्वी पण आईच ना. एआयने जास्त विचार केला म्हणा.

मीनल ए-११०४: सहा बोटं पण जास्त विचार करूनच दिली का?

गोखले काका ए-९०४: ३ हा गुरूचा अंक. शुक्राचा ६. आकडा ३ आणि ढालीवर शुक्र, हे मुळातच विसंगत. नवरात्रात लॉबीत विसंगत चिन्ह नको.

मीनल ए-११०४: काका, ती आपल्याकडची अंकशास्त्राची पद्धत. या पत्त्याला शुक्र दिला तो १८८८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाच्या जुळणीतून. त्यांनी २२ पत्ते २२ हिब्रू अक्षरांशी जोडले. हिला आलं 'दालेत', अर्थ दार. येणारी प्रत्येक गोष्ट ज्या दारातून येते ते. पत्त्यावरचा ३ हा नुसता क्रम आहे, २ वर मुख्य पुजारीण, ४ वर सम्राट. दोन पद्धतींची बेरीज करायची नसते.

गोखले काका ए-९०४: आमच्या पद्धतीला बेरीजच लागते.

पाटील वहिनी बी-९०२: मीनल, हे कार्ड आलं की घरात गोड बातमी असते ना? ए विंगमध्ये कोणाला आलं म्हणे 😊

मीनल ए-११०४: नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि त्यातून माणसं दुखावतात. या कार्डावरून गरोदरपण सांगायचं नाही, आणि 'आता राहील' तर अजिबात नाही. वेटने याचे अर्थ दिलेत ते बघा: सुफलता, कृती, पुढाकार, दीर्घायुष्य. त्याच ओळीत अडचण, शंका आणि अज्ञानही आहे. बाळ हा शब्द नाही. प्रश्न नोकरीचा असेल तर पेरलेलं काम आता उगवतंय, त्याला पाणी घाला, घाईने उपटून बघू नका, असं सांगतात. प्रश्न तब्येतीचा असेल तर खाणं, झोप, विश्रांती. पैशाचा असेल तर हळू वाढणारी गोष्ट. शेजारचा पत्ता बघितल्याशिवाय तर काहीच बोलायचं नाही. सम्राट शेजारी आला तर माया आणि शिस्त यांची ओढाताण, चार पेल्यांचा पत्ता आला तर समोर वाढलेलं ताट आणि माणसाला भूक नाही.

पाटील वहिनी बी-९०२: मी सहज विचारलं. एवढं लागण्यासारखं काय त्यात.

पाटील वहिनी बी-९०२: हा मेसेज डिलीट केला आहे

प्रधान सर ए-६०२: याच पत्त्याचं आणखी एक रूप आहे. अलेस्टर क्रौली या इंग्रज गूढविद्यावाल्यासाठी फ्रीडा हॅरिसने १९३८ ते १९४३ च्या दरम्यान रंगवलेल्या संचात हिच्या पायाशी पेलिकन पक्षी आहे. स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. रांगोळीत काढा असं म्हणत नाही. पण पोसणं म्हणजे नुसतं उशीला टेकून बसणं नव्हे, एवढं त्या चित्रकर्तीला दिसलं होतं.

रुपेश बी-३०५: सर, लॉबीत रक्त काढलं तर लहान मुलं जिन्याने जातील. लिफ्टचा लोड तरी कमी होईल.

भोईर सेक्रेटरी: लिफ्टचा विषय वेगळ्या दिवशी. देखभाल कराराचं (एएमसी) पत्र गेलेलं आहे.

शिंदे ताई बी-१०४: व्हीलचेअर. तिसऱ्यांदा लिहितेय.

नाईक वहिनी ए-२०१: आता माझं ऐका. मूळ पत्ता ७ बाय १२ सेंटीमीटर धरते. त्यावर १ सेंटीमीटरचे चौकोन मारले की ८४ होतात. प्लायवर प्रत्येक चौकोन ६ इंची. म्हणजे चित्र साडेतीन फूट रुंद आणि ६ फूट लांब. ८ बाय ४ च्या प्लायवर रुंदीत दोन्हीकडे ३ इंच मोकळी जागा राहते, तिथे बोटं टेकायची. लॉबीच्या फरशीवर थेट काढणार नाही, पॉलिशवर रांगोळी सरकते. प्लायला उद्या सकाळी काळ्या डिस्टेंपरचे दोन हात द्या, दुपारपर्यंत वाळला पाहिजे. ओला राहिला तर कड फुगते.
रांगोळी ६ किलो. जांभळी नाक्यावरून आणणार असाल तर लेक कलर, म्हणजे रांगोळीत मिसळायची रंगपूड, पिवळा २०० ग्रॅम, बाकी लाल, हिरवा, निळा, तपकिरी ५० ग्रॅम प्रत्येकी. अर्धा किलो रांगोळीला ५० ग्रॅम लेक चोळून चाळायचा. फिकट हवा तर २०. हवेत दमटपणा आहे, म्हणून रांगोळी आणल्याबरोबर पेपरवर पसरून उन्हात ठेवा. गॅसवर तापवू नका, तिचे खडे होतात आणि चिमटीतून एकसारखी सुटत नाही.
या चित्रातली अडचण पिवळ्याची आहे. आकाश पिवळं आणि गहूही पिवळा. एकच रंग लावला तर शेत आकाशात विरघळतं. आकाश लिंबू पिवळं, चहाच्या गाळणीतून पातळ. गव्हाला त्याच पिवळ्यात चिमूटभर तपकिरी, आणि प्रत्येक लोंबी वेगळी ओढायची. चेहरा जेमतेम एका चौकोनात, ६ इंचात बसतो. त्यात हसू काढायला गेलं की बाई कुत्सित दिसते. ओठ मिटलेले ठेवणार आहे. कोणी 'जरा हसवा' म्हणू नये.

मीनल ए-११०४: वहिनी, परफेक्ट. मूळ चित्रातही ती हसत नाही.

नाईक वहिनी ए-२०१: अर्थ तुम्ही सांगा, गुडघे माझे दुखतात.

गोखले काका ए-९०४: गहू आहे म्हणजे घटातल्या धान्याशी संबंध जोडता येईल. तसं लिहून बाजूला लावा, सावंतांचं समाधान होईल.

मीनल ए-११०४: जोडू नका. घटात आपण पेरतो, नऊ दिवसांत कोंब येतात. पत्त्यावरचं पीक कापणीला आलेलं आहे. दोन टोकं आहेत.

सावंत काका बी-७०३: मला आता वेगळाच प्रश्न पडलाय. चित्राचं डोकं कुठल्या बाजूला? गेटकडून येणाऱ्याला सुलटं म्हणजे बी विंगच्या लिफ्टमधून उतरणाऱ्याला उलटं. म्हणजे आम्ही रोज सकाळी उलटी बाई बघायची? आणि टॅरोत उलटा पत्ता वाईट असतो, एवढं मलाही माहीत आहे.

रुपेश बी-३०५: बी विंगला पाणी उलटं, टँकर उलटा, आता देवी पण उलटी.

भोईर सेक्रेटरी: टँकरचा हिशोब बोर्डावर आहे.

मीनल ए-११०४: काका, उलटा म्हणजे वाईटच असं नाही. आजकाल वाचणारे उलट्या एम्प्रेसचा अर्थ असा घेतात: माया इतकी की समोरचा गुदमरतो, किंवा सगळ्यांचं करता करता स्वतःकडे दुर्लक्ष, किंवा हातातलं काम अडलेलं. पण वेटने उलट्याला दिलेले अर्थ याच्या बरोबर विरुद्ध आहेत. प्रकाश, सत्य, गुंतलेल्या गोष्टींचा उलगडा, सार्वजनिक आनंद. फक्त शेवटी, दुसऱ्या एका मताप्रमाणे म्हणून, डळमळीतपणा जोडला आहे. आणि फरशीवरचं चित्र हे मांडलेलं कार्ड नाहीच. उलटा-सुलटा ठरतो तो पत्ते पिसून उघडल्यावर.

सावंत काका बी-७०३: म्हणजे बी विंगला सार्वजनिक आनंद आणि ए विंगला अडचण-शंका?

प्रधान सर ए-६०२: सावंत, हा तुमचा आजचा पहिला मुद्देसूद प्रश्न.

शिंदे ताई बी-१०४: डोकं कुठेही करा. लॉबी ९ फूट. प्लाय ४ फूट. मधोमध ठेवलात तर दोन्हीकडे अडीच-अडीच फूट उरतात. व्हीलचेअर वळवून रॅम्पवर घ्यायला सलग ३ फूट लागतात. भिंतीला लावलात तर एका बाजूला ५ मिळतात. चौथ्यांदा लिहितेय. मातृरूप वगैरे सगळं वाचलं.

नाईक वहिनी ए-२०१: भिंतीला लावलं तर मला एकाच बाजूने बसता येईल. पावणेदोन फुटांपलीकडे हात पोचत नाही, पलीकडच्या बाजूला झग्याची डाळिंबं पुसली जातील.

शिंदे ताई बी-१०४: काढताना मध्ये ठेवा, रात्री ११ नंतर काढा, आम्ही तेव्हा जात नाही. मग सरकवा.

नाईक वहिनी ए-२०१: रांगोळी भरलेला प्लाय सरकवत नाहीत हो ताई. तडा जातो.

भोईर सेक्रेटरी: आत्ता खाली जाऊन टेप लावला. लॉबी ८ फूट १० इंच भरली. भिंतीपासून दीड फूट सोडून प्लाय ठेवला तर नाईक वहिनींना पलीकडून बसायला जागा होते आणि अलीकडे ३ फूट ४ इंच राहतात. लेटरबॉक्स त्याच भिंतीवर आहेत, पोस्टमनला सांगून ठेवतो. वॉचमनचं टेबल नऊ दिवस बाहेर. लॉबीतला पंखा दसऱ्यापर्यंत बंद, बटणावर टेप मारतोय.

शिंदे ताई बी-१०४: ३ फूट ४ चालेल. धन्यवाद.

नाईक वहिनी ए-२०१: दीड फुटात बसायचं म्हणजे मांडी घालता येणार नाही. ठीक आहे. पाट ठेवा एक.

रुपेश बी-३०५: नवीन प्रिंट लावली. १२ तारे मोजून घ्या. बोटं पाचच.

मीनल ए-११०४: तारे बरोबर. ढालीवरचा क्रॉस खाली आला. डाळिंबं पण आली. राजदंड अजून डाव्या हातात आहे.

रुपेश बी-३०५: आरशात बघा.

सावंत काका बी-७०३: डोकं कुठल्या बाजूला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.