कारागृहात समुपदेशक म्हणून काम : सीमाभागातील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे

मलप्रभाकाठ (प्रश्न) :

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील आहे. शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, कोल्हापूरला पूर्ण केली. आता एका स्वयंसेवी संस्थेने बेळगाव भागातील कारागृहात समुपदेशक म्हणून कंत्राटी पद्धतीने काम कराल का, अशी विचारणा केली आहे. घरच्यांचा विरोध आहे, पण त्यांची समजूत मी काढेन. माझ्या स्वतःच्या शंका वेगळ्या आहेत.

पहिली शंका भाषेची. मला कन्नड चांगले बोलता येते, वाचायला वेळ लागतो आणि लिहिताना हात अडतो. कारागृहातील नोंदी, अर्ज आणि न्यायालयाचे कागद बहुतांशी कन्नडमध्येच असणार, हे उघड आहे. दुसरी शंका अशी की, बंद्याने माझ्याजवळ मनातले बोलावे अशी अपेक्षा ठेवायची आणि त्याच वेळी अधीक्षकांना अहवालही द्यायचा, तर मी नेमकी कोणाची? तिसरी शंका अभ्यासक्रमाबद्दलची आहे. आम्हाला संवादाची तंत्रे पुष्कळ शिकवली गेली, परंतु ज्याच्या डोक्यात तारीख, वकील आणि जामीन यांखेरीज दुसरे काही नाही, त्याच्यासमोर ती कितपत उपयोगी पडतात? ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताम्रपर्णी :

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्हींची बरीचशी उत्तरे तिच्यातूनच निघतात. मी याच जिल्ह्यात काही वर्षे हे काम केले आहे.

कारागृहातील बहुसंख्य माणसांना अजून शिक्षा झालेलीच नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, कच्चे कैदी होते. अशा माणसाला सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. घरी कळले आहे का, वकील कोण आहे, ऊसतोडीसाठी घेतलेली उचल आता कोण फेडणार, मुलीच्या शाळेत काय सांगितले असेल, या प्रश्नांनी तो रात्रभर जागा असतो. त्याला पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, तर तो आपल्याकडे बघतो आणि गप्प बसतो. त्याचे काही चुकत नाही. त्याऐवजी घरच्यांना निरोप पोहोचला आहे का, वकीलपत्रावर सही झाली आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या चालू होत्या आणि त्या आत मिळत आहेत का, एवढे विचारावे. यांतील एक काम जरी रीतसर मार्गी लागले, तरी पुढच्या भेटीत तो स्वतःहून बोलू लागतो. अभ्यासक्रमातील तंत्रे तेव्हा लागतात, आणि चांगलीच लागतात.

गोळ्यांबरोबर दारूबद्दल आवर्जून विचारा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अटकेनंतर एकाएकी बंद होते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान त्याला कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते, नसलेली माणसे दिसू लागतात, कधी झटकेही येतात. बराकीत याला वेड लागले किंवा नाटक करतो असे म्हटले जाते. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे आणि येथे समुपदेशन करत बसणे चुकीचे ठरेल. त्याच क्षणी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचे असते. गंभीर मानसिक आजार वाटला तरीही मार्ग वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच जातो, आणि आपल्या भागाला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी संस्था जवळ आहे, हा दिलासा आहे.

जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोकाही ठरावीक काळात वाढतो. आत आल्यानंतरचे पहिले काही दिवस, जामीन नाकारल्याचा दिवस, निकालाचा दिवस, आणि घरून एखादी वाईट बातमी आल्यानंतरची रात्र. मुलाखतीला, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला, नेहमी येणारी बायको अचानक यायची थांबली, तर तेही लक्षात ठेवावे. अशा माणसाला एकांतात ठेवणे सोपे वाटते, पण त्याने बहुधा प्रकृती बिघडतेच; समंजस सोबती असलेल्या बराकीत त्याची सोय व्हावी यासाठी आग्रह धरावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे तिला दटावण्याऐवजी उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरते. हे कर्मचाऱ्यांनाही शांतपणे सांगावे लागते.

घरी फोन करण्याबाबत एक सावधगिरी सांगते. प्रत्येक फोन परवानगीने करायचा, नोंदवहीत लिहायचा आणि ज्याला फोन करतो तो त्या खटल्यात फिर्यादी किंवा साक्षीदार तर नाही ना, हे आधी पाहायचे. कौटुंबिक प्रकरणांत हे हमखास गुंतलेले असते. ‘आईला फक्त एवढेच सांगा’ या साध्या निरोपातून साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप आपल्यावर येऊ शकतो.

भाषेचे म्हणाल, तर आपल्याकडील बराकीत कन्नड, मराठी, उर्दू, हिंदी, कोकणी सगळे कानावर पडते आणि माणूस रडतो तेव्हा घरच्या बोलीतच बोलतो, त्यामुळे तुमचे मराठी येथे उणेपणाचे नाही. मात्र कन्नड लिहायला शिकाच. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला की त्या बंद्याची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर गेलीच.

निपाणीकर वकील :

ताम्रपर्णी यांनी कामाची बाजू नेमकी मांडली आहे. दुसऱ्या शंकेचा कायदेशीर भाग मी लिहितो, कारण याबद्दल समाजकार्याच्या पदवीधरांमध्ये मोठा गैरसमज आढळतो.

वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाला त्या अर्थाने नाही. बंद्याने गुन्ह्याची कबुली तुमच्याजवळ दिली, तर तुम्हाला साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते आणि पोलिसांखेरीज अन्य व्यक्तीजवळ दिलेली कबुली न्यायालय पुरावा म्हणून विचारात घेऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे की, घटनेच्या दिवशी काय घडले ते मला सांगू नका, ते वकिलांना सांगा. तुमची झोप, घर, भीती, पुढची सोय यांबद्दल आपण बोलू. तुमच्या टिपणवहीतही घटनेचा तपशील नसावा. याखेरीज तीन गोष्टी गुप्त ठेवता येणार नाहीत, हेही आधीच सांगून टाकावे : स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ही शेवटची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. एवढे प्रामाणिकपणे सांगितल्यावर विश्वास कमी होईल असे वाटते, परंतु मी तरी उलटेच पाहिले आहे.

आता जामिनाबद्दल. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेली माणसे तुम्हाला भेटतील, आणि सीमाभागात यात एक वेगळी अडचण असते. आरोपी चंदगडचा किंवा सावंतवाडीचा, गोव्याची दारू नेताना अबकारी खात्याने खानापूर भागात पकडलेला. त्याचे सगळे नातेवाईक आणि त्यांच्या जमिनीचे उतारे महाराष्ट्रात, आणि येथे मात्र स्थानिक जामीनदार मागितला जातो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातील आहे म्हणून त्याला नाकारणे अमान्य केले आहे. हा निकाल वकिलाच्या लक्षात आणून देण्याइतके तुम्हाला ठाऊक असावे; युक्तिवाद त्याला करू द्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे असते आणि महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सौम्य करण्याचा विचार करू शकते. त्यासाठी बंद्याच्या आर्थिक स्थितीचा जो अहवाल लागतो, तो लिहिण्याचे काम तुमच्यासारख्या प्रशिक्षित व्यक्तीला उत्तम जमेल. केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून कच्च्या कैद्याला जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते; निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही लाभ मिळत नाही. या अपवादांची खात्री केल्याशिवाय कोणालाही ‘तुम्ही सुटाल’ असे सांगू नये. खोटी आशा आत फार महाग पडते.

जुना हवालदार :

मी कारागृह खात्यातून निवृत्त झालो आहे. वरील दोघांचे लेखन उत्तम आहे, पण भिंतीच्या या बाजूचेही दोन शब्द ऐकावेत.

नवीन समुपदेशक आला की कर्मचारी प्रथम एवढेच बघतात की, हा माणूस फोटो काढून जाणार की टिकणार. मोबाईल फाटकावर ठेवला, कोणाची चिठ्ठी घेतली नाही, कोणाला विडीचे बंडल दिले नाही, बंदी मोजणीच्या वेळेत कोणाला थांबवून ठेवले नाही, असे काही महिने गेले की वॉर्डर, म्हणजे बराकीवरचा पहारेकरी, स्वतःच येऊन सांगतो, ‘मॅडम, तिसऱ्या बराकीतला तो पोरगा दोन दिवस जेवला नाही.’ रात्री जागा असणारा माणूस तोच आहे आणि त्याला जे दिसते, ते तुम्हाला दिवसा दिसणार नाही. त्याच्याशी बोलत जा. त्यालाही सलग पाळ्या, घरापासून दूर बदली आणि अपुरे मनुष्यबळ यांचा ताण असतोच, आणि त्याची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

ताम्रपर्णीताईंच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. एकांतात ठेवू नये हे खरे, परंतु समंजस सोबती आणायचे कोठून? गर्दीच्या बराकीत नव्या, भेदरलेल्या पोराला ‘समंजस’ म्हणून ज्याच्या शेजारी ठेवले, तोच त्याच्याकडून कपडे धुऊन घेतो आणि घरून पैसे मागवायला लावतो, हे मी पाहिले आहे. सोबती निवडताना जुन्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय सूचना करू नका.

घरच्यांना मात्र एक सांगा. बेळगावजवळचे हिंडलग्याचे कारागृह १९२३ चे आहे. १९५० साली सावरकर तेथे स्थानबद्ध होते आणि सीमालढ्यात आपल्या भागातील कितीतरी प्रतिष्ठित घरांतील माणसे तेथे राहून आली आहेत. तुम्ही तर संध्याकाळी घरी परत येणार आहात.

मलप्रभाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. हवालदारकाकांचे शेवटचे वाक्य आईला वाचून दाखवले. ती हसली, पण होकार अजून दिलेला नाही. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. महिला विभागात काम वेगळे असते का? आणि बोलण्यासाठी स्वतंत्र खोली मिळाली नाही तर काय करावे?

ताम्रपर्णी :

महिला विभागात संख्या कमी आणि गुंता जास्त असतो. पुरुष आत असला की बायको, आई, बहीण डबा घेऊन मुलाखतीला येतात. बाई आत असली की बहुधा कोणीच येत नाही. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते, त्यामुळे त्याचे लसीकरण, अंगणवाडी, आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते कोणाकडे जाणार, हा विषय वेळेवर काढावा लागतो. शेवटच्या महिन्यात काढला तर आईची समजूत घालणे अशक्य होते. सुटका झालेली बाई कोठे जाणार, हेही आधी ठरवावे. माहेर आणि सासर दोन्ही दारे बंद असतील, तर महिला व बालविकास खात्याच्या निवारागृहाशी आधीच बोलून ठेवावे लागते, कारण सुटकेचा कागद बऱ्याचदा संध्याकाळी येतो आणि तेव्हा कोणतेही कार्यालय उघडे नसते.

खोलीबद्दल हवालदारसाहेब अधिक सांगू शकतील, पण माझी पद्धत अशी होती की, वॉर्डरला आम्ही दिसावे आणि आमचे बोलणे ऐकू जाऊ नये. ग्रंथालयाचा कोपरा, दवाखान्याचा व्हरांडा, झाडाखालचा कट्टा, यांतले काहीही चालते. सोबत्यांच्या निवडीबाबत त्यांनी केलेली दुरुस्ती मला मान्य आहे.

होकार कळवण्यापूर्वी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या. कारागृह खात्याच्या परवानगीपत्रात तुमचे नाव, काम आणि मुदत स्पष्ट असावी. तुमच्या अहवालात काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे अधीक्षक आणि संस्था यांच्यात ठरलेले असावे. आणि महिन्यातून एकदा तरी तुम्हाला एखाद्या अनुभवी व्यक्तीशी स्वतःच्या कामाबद्दल बोलता येईल, अशी सोय असावी. तिसरी गोष्ट संस्था टाळू पाहतील. ती मिळत नसेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. कारागृहातील कायदा साहाय्य केंद्रात अशा स्वयंसेवकांना पाठवले जाते, आणि काही महिने तेथे बसलात की हे काम आपल्याला झेपते की नाही, हे तुम्हालाच कळेल.